अंबाडीतला ओवा

सहाव्या कपात ओवा होता.

विजयमालेनं माइकवरून सांगितलं तसा मी घोट घेतला, तोंडात फिरवला, डोळे मिटले. आधी अंबाडीचा आंबटपणा लागला, मग गूळ लागला, आणि मागाहून, अगदी गिळायच्या बेतात असताना, भाजलेला ओवा टाळूला लागला. कपातलं लाल पाणी साडीवर सांडलं. शेजारच्या खुर्चीवरची बाई म्हणाली, "काय व काकू, लय आंबट हाय काय?" मी नुसती मान हलवली. बोलायला तोंड मोकळं कुठं होतं? तो घोट मी गिळलाच नव्हता. अंबाडीच्या सरबतात कोणी ओवा टाकत नाही हो. जिरं टाकतात, सैंधव टाकतात, कोणी जास्तच हौशी असली तर वेलची. ओवा पोट दुखलं तर चावायचा, नाहीतर भज्यात घालायचा. इकडे मारेगावपासून तिकडे पुसदपर्यंत कोणाच्याही स्वयंपाकघरात जाऊन विचारा, हसतील तुम्हाला. असलं सरबत करणारी एकच बाई मला माहीत होती, आणि ती पाच वर्षांमागं गेली. माझी लेक. अर्पिता.

मुळात मी इथं यायचंच नाही म्हणत होते. विजयमाला माझी शेजारीण, शाळेत गाणं शिकवायची, निवृत्त झाल्यापासून तिला स्वस्थ बसवत नाही. तिनं आणि तिच्या मंडळानं या चव-संध्याकाळी सुरू केल्या. दर खेपेला एक चव ठरवायची, घरोघरच्या बायकांनी त्या चवीचं काहीतरी पिण्याजोगं करून आणायचं, लोकांनी तिकीट काढून घोटघोट प्यायचं, आणि जमेल ते कुठल्यातरी चांगल्या कामाला द्यायचं. मागच्या खेपेला कडू होतं. कारल्याचा रस पिऊन लोक तोंडं वाकडी करत घरी गेले म्हणे, तरी गर्दी हटेना. या खेपेला आंबट. मंगल कार्यालयाचा वरचा हॉल, पांढऱ्या चादरी टाकलेली टेबलं, सात कप, कपांवर नुसते आकडे. कोणी काय केलंय ते आधी सांगायचं नाही, करणाऱ्या बायका पडद्याच्या पलीकडे. दोन कपांच्या मधे तोंड साफ करायला मूठभर मुरमुरे. प्रत्येकाला तुरीचे तीन दाणे, जो कप आवडला त्याच्यासमोरच्या मडक्यात टाकायचे. जन्मभर चहा बशीत ओतून फुर्रकन ओढणाऱ्या आम्ही बायका, आणि आता म्हणे घोट जिभेवर फिरवा, मागं काय उरतं ते ओळखा. मी विजयमालेला म्हटलं होतं, "तुमचे हे नखरे तुमच्यापाशीच ठेवा." तर ती म्हणाली, "कोकिळाबाई, पैसे निवाऱ्याले चालले. तुम्ही नाही याल तं कोण येईन?" मग आले.

निवारा म्हणजे दवाखान्यातल्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी कोण्या दानशूर माणसानं बांधून दिलेल्या चार खोल्या आणि मागं चुलींसाठी मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेवर टिनाचं छत घालायचंय, त्यासाठी आजचा कार्यक्रम. त्या चुलींची मला ओळख आहे. अर्पिताच्या आजारात मी तिथं राहिले होते. बाजूच्या चुलीवर मुकुटबनकडची धुरपताबाई तिच्या नवऱ्यासाठी पेज शिजवायची. धूर दोघींच्या डोळ्यांत जायचा, त्यामुळे कोण रडतंय नि कोणाला धूर लागलाय, कोणी कोणाला विचारत नसे. एका परीनं ते बरंच होतं. मी आमच्या यांनाही म्हटलं, चला. पुंडलिकराव टीव्हीसमोर बसले होते. टीव्हीचा आवाज बंद होता. "तू जा," म्हणाले, "मले नाही जमत." अर्पिता गेल्यापासून यांना काही म्हणजे काही जमत नाही. लग्नाला जमत नाही, तेराव्याला जमत नाही. मी मात्र जायचं सगळीकडे, हसायचं, आहेर करायचा, आणि 'आता बऱ्या आहात ना काकू' ऐकून घ्यायचं. चीड येते मला कधीकधी यांची. शेताच्या बांधाला, धुऱ्यावर, हौसेनं अंबाडी लावणारा हा माणूस. हिवाळ्यात लाल बोंडांची पिशवी भरून आणायचा आणि दारातूनच हाक द्यायचा, "अर्पे, तुह्या औषधाचं सामान आलं व!" त्या वर्षापासून धुऱ्यावर अंबाडी नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

औषध हे नाव यांनीच पाडलं होतं. अर्पिता तेव्हा नऊ वर्षांची असेल. घरी पाहुणे आले होते, माझी टेलिफोन एक्स्चेंजमधली ड्युटी नुकती सुटलेली, कानात दिवसभराचे हॅलो हॅलो घुमत होते. मी बोंडं उकळायला ठेवली आणि तिला म्हटलं, जिरं भाज नि कूट. जिऱ्याचा डबा नि ओव्याचा डबा एकसारखे, दोन्ही कोणत्यातरी पावडरीचे जुने डबे. बाईसाहेबांनी ओवा भाजला, ओवा कुटला, आणि गाळलेल्या सरबतात घालून मोकळ्या. पाहुण्यांनी पहिला घोट घेतला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हे म्हणाले, "अव माय, सरबत होय का पोटदुखीचं औषध?" सगळे खो खो हसले. दुसरी कोणी पोरगी असती तर रडली असती. ही कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी मुद्दामच टाकला. असंच करते लोकं." कोण लोकं गं? "हुशार लोकं." आणि मग आपण चुकलो हे कबूल करायला नको म्हणून तिनं दर हिवाळ्यात सरबतात ओवाच टाकला. पहिल्या वर्षी आम्ही नाकं मुरडली, दुसऱ्या वर्षी चिडवलं, आणि पुढं कधीतरी आम्हाला जिऱ्याचं सरबत बेचव लागायला लागलं. लग्न होऊन मारेगावला गेली तर सासरीही तेच. प्रफुल्ल, आमचे जावई, एकदा मला म्हणाले होते, "आई, तुमच्याकडं अंबाडीत ओवा टाकतात वाटते?" मी म्हटलं, "हो, हुशार लोकं टाकतात." अर्पितानं आतून मला जीभ दाखवली होती. लग्न झालेली, पोटुशी बाई, आणि आईला जीभ दाखवते.

तोंडातला घोट एव्हाना कोमट झाला होता. गिळला की संपेल, एवढंच मला कळत होतं. विजयमाला माइकवरून सातव्या कपाकडे वळली होती, लोक मुरमुरे खात होते, कोणाच्यातरी मोबाइलवर गाणं वाजलं आणि सगळे त्याच्याकडे वळून हसले. मी एकटी गाल फुगवून, गुळणी धरलेल्या पोरासारखी बसले होते. निवाऱ्यात तिनं हेच मागितलं होतं. औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली होती. भात म्हणजे माती, दूध म्हणजे खडू, असं म्हणायची. एक दिवस म्हणाली, "आई, अंबाडी करजो. ओवा टाकजो पण." यांनी त्याच दिवशी शेतावरून बोंडं आणली, धुरपताबाईनं गूळ दिला. मी करून नेलं. तिनं चमचाभर तोंडात धरलं, वाट पाहिली. "ओवा नाही टाकला काय व?" टाकला गं. "मंग अजून टाक." मी अजून टाकला. "अजून." शेवटी ते इतकं जहाल झालं की प्रफुल्लनं घोट घेतला तर त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. अर्पिता मात्र त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "हाय न ओवा?" तिनं त्याला विचारलं. तो हो म्हणाला. "मंग ठीक हाय," म्हणाली आणि उरलेलं हळूहळू पिऊन टाकलं, चव लागत नसताना. त्या वेळी प्रेरणा चार वर्षांची. खाटेच्या पायथ्याशी बसून आईच्या चमच्यातलं मागत होती. अर्पितानं बोट बुडवून तिच्या ओठांना लावलं, तर पोरीनं तिचं बोटच चोखलं.

मी गिळलं. काय करणार, घोट काही जन्मभर तोंडात राहत नाही.

आणि मग राग आला. सरबत कोणी केलं हे मला कळलं होतं. कळायला अक्कल लागत नव्हती. मारेगावहून अशी चव घेऊन दुसरं कोण येणार? प्रफुल्लनं दोन वर्षांनी दुसरं लग्न केलं. करू नये असं नाही, पोर लहान, त्याचं कृषी केंद्राचं दुकान, घरात बाई पाहिजेच. हे सगळं मला समजतं, मला सगळं समजतं, मी लग्नाला तेवढी गेले नाही. तिचं नाव मी घेत नाही. फोनवर विचारायचं झालं तर 'घरचे बरे आहेत ना' असं विचारते. दर रविवारी प्रेरणा मोबाइलवर दिसते आणि मी तिला काहीबाही सांगते. तुझी आई अशी पळायची, तुझी आई अशी भांडायची, तुझ्या आईनं एकदा हे केलं, ते केलं. आधी ती ऐकायची. आता 'हो आजी, हो आजी' म्हणता म्हणता तिची नजर बाजूला जाते, तिकडून कोणीतरी तिला खुणावत असतं, आणि पोरगी हसू दाबते. नऊ वर्षांच्या लेकराचा काय दोष? पण फोन ठेवला की माझ्या मनात तेच येतं. मी मेल्यावर अर्पिताची आठवण कोण ठेवणार? हे बोलत नाहीत. प्रफुल्ल विसरायच्या मार्गाला लागला, लागलाच पाहिजे. एक प्रेरणा उरते. तिच्यात अर्पिता उरली नाही तर माझी लेक पुन्हा मरेल, आणि या खेपेला मला कोणी बोलावणारसुद्धा नाही. एवढीच माझी भीती. आणि आता ते एक सरबत होतं आमचं, तेही त्या बाईनं आकडा चिकटवून टेबलावर मांडलं होतं. लोक मिटक्या मारत होते. सहा नंबरच्या मडक्यात तुरीचे दाणे टप टप पडत होते.

मी उठले. विजयमाला माइक सोडून म्हणाली, "कोकिळाबाई, पडद्यामागं जायचं नाही, नियम हाय!" मी म्हटलं, "नियम गेला चुलीत." दोघीचौघी हसल्या. मी पडदा सरकवला.

आत बायका आपापल्या पातेल्यांशी उभ्या होत्या. कोपऱ्यात, खिडकीखाली, ती. स्टीलच्या डब्यावर गाळणी धरून होती. फोटोत पाहिली होती त्यापेक्षा बारकी दिसली. मला पाहिलं आणि गाळणी हातातच राहिली. "आ...," तोंडातून निघालं, मग तिनं ते बदललं, "काकू." डोक्यावर पदर नव्हता, तरी तिचा हात पदरासाठी वर गेला. पाया पडायला वाकली, माझे पाय आपोआप मागं सरले. मी काय बोलायला आले होते? 'तुला कोणी सांगितलं' असं, की 'तुझी हिंमत कशी झाली' असं? तोंडातून निघालं ते एवढंच, "ओवा काहून टाकला?"

ती घाबरली. तिला वाटलं, बिघडलं. "लागते काय जी खराब? आमच्या घरी असंच करतो न आम्ही. पोट्टी दुसरं पीतच नाही."

"तुला कोणी शिकवलं? प्रफुल्लनं?"

"नाही जी. ते तं काहीच सांगत नाही." तिनं गाळणी खाली ठेवली, हात पदराला पुसले. "मी नवी आलती तवा प्रेरणा माह्या हातचं काहीच खाये नाही. जेवणाले रडे, दुधाले रडे. एकदा शेजारणीनं बोंडं देल्ली, त मी सरबत केलं. ते तिनं तोंडाले लावलं, अन् थुकलं. म्हणे, असं नाही. मंग कसं? तिले सांगता नाही ये. मी दुसऱ्या दिवशी जिरं जास्त टाकलं. असं नाही. मिरे टाकले. असं नाही. सोप टाकली, सुंठ टाकली. ते लेकरू रोज उमेदीनं घोट घे अन् रोज रडे. म्या म्हटलं, काहीतरी असन बापा इच्या मनात, त्याबिगर हे काही अशी हट्टाले पेटत नाही. मसाल्याच्या डब्यातलं एकेक करत गेली. अखरीले ओवा राह्यला होता. कोणी टाकत नाही, तरी टाकला. त ते गप पेली. पुरा गिलास. अन् माह्या मांडीवर येऊन बसली." तिनं डब्यावर झाकण ठेवलं. "पहिल्यांदा बसली जी ते. मले वाटलं तुमच्याइकडचं असन. विचारावं वाटे तुम्हाले. पण तुम्ही..."

मी उभी होते. तिनंच खुर्ची सरकवली. एका नवख्या पोरीनं, परक्या घरात, कोणी काही सांगत नसताना, सहा वर्षांच्या लेकराच्या जिभेवरून माझी लेक शोधून काढली होती. मी रविवारी रविवारी इतकं बोलते, त्यातलं काय पोचलं? आणि हिनं न बोलता, अर्पिताला कधी न बघता, तिचा हट्ट नेमका ओळखला. मला तिचा राग करायचा होता हो. राग हातातून सुटत चाललेला कळत होता आणि तो गेला तर माझ्याकडे काय राहील, याचीच धास्ती वाटत होती.

एवढ्यात प्रेरणा धावत आली. उंच झालीय. चालायची ढब अर्पिताची, कमरेवर हात ठेवणं तर हुबेहूब. "आजी! तू काहून आली आत? चीटिंग!" मग माझ्या कानाशी वाकून, तोंडाला अंबाडीचा वास, म्हणाली, "तुले एक सांगू? कोणाले सांगशील नाही. त्याच्यात ओवा हाय. हे माह्या आईचं सिक्रेट हाय. जगात कोणालेच येत नाही, फक्त माह्या आईलेच येते." आणि बोट दाखवलं. खिडकीखाली उभ्या मोनालीकडे.

एकदम कसं कळावं माणसाला, पण कळलं. चव राहिली होती आणि चवीचं माणूस निघून गेलं होतं. खाटेचा पायथा, बुडवलेलं बोट, यातलं काहीच त्या लेकराला आठवत नव्हतं. जीभ विसरली नव्हती, एवढंच. मोनालीचा चेहरा पांढरा पडला. ती लगबगीनं म्हणाली, "नाही बेटा, तसं नाही. हे तं तुह्या..." आणि माझ्याकडे बघून थांबली. हातात धरलेलं मला परत द्यायला निघाली होती ती. तिच्या जागी मी असते तर दिलं असतं का? माझ्या ओठांवर सगळं तयार होतं. बेटा, ते दोन डबे एकसारखे होते. बेटा, तुझी आई नऊ वर्षांची होती, तुझ्याएवढी. बेटा, हे माझ्या अर्पिताचं आहे. खरं तेच तर होतं. पण प्रेरणा कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती, तिच्या आईची तिला केवढी ऐट वाटत होती, आणि आईशिवाय राहिलेल्या पोरीच्या तोंडावर ती ऐट किती दिवसांनी आली असेल कोण जाणे.

"हो का?" मी म्हणाले. माझा आवाज एक्स्चेंजमधल्यासारखा निघाला, स्वच्छ, परका. "छान करते हो तुझी आई. नाही सांगत कोणाला."

मोनालीनं तोंडाला पदर लावला आणि खिडकीकडे वळली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावा असं वाटलं, पण हात उचलला गेला नाही, आणि खोटं कशाला सांगू. निघताना तिनं मला पाण्याच्या एका बाटलीत सरबत भरून दिलं, "बाबासाठी." बाहेर येऊन मी मुठीतले तीनही दाणे सहा नंबरच्या मडक्यात टाकले. घामानं ओले झाले होते, एकमेकांना चिकटून पडले. विजयमालेनं छतापुरते पैसे जमल्याचं माइकवरून सांगितलं, टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.

घरी हे तसेच बसले होते, टीव्ही तसाच मुका. पेल्यात सरबत ओतलं आणि समोर ठेवलं. रंग बघून त्यांनी मान फिरवली. "नको." मी म्हटलं, घ्या. घ्या म्हणते ना. त्यांनी घेतलं, घोट घेतला, आणि हात तिथंच थांबला. बराच वेळ ते माझ्याकडे बघत राहिले. पाच वर्षांत असं बघितलं नव्हतं.

"ओवा हाय," म्हणाले.

"हो."

"कोणं केलं?"

"मोनालीनं," मी म्हणाले. नाव तोंडात अवघडलं, पण आलं. "प्रेरणाच्या आईनं."

मग ते म्हाताऱ्या माणसानं रडावं तसे रडले, आवाज न करता, पेला दोन्ही हातांत धरून, मधेमधे एकेक घोट घेत. मी शेजारी बसले. तळाशी दोन बोटं उरलं तेव्हा त्यांनी पेला बाजूला सारला आणि त्यावर वाटी झाकली.

"थोडं ठेवतो," म्हणाले.

"ठेवू नका," मी म्हटलं. "उद्यापर्यंत राहत नाही ते. पिऊन टाका."

त्यांनी वाटी काढली आणि पिऊन टाकलं.